गाणं ऐकायच्या खोलीत विहीणबाई

गाणं ऐकायला वेगळी खोली लागते हे मला निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं. तोवर मी गाणं कुठेही ऐकायचो. न्हाणीत, वाडीत पंपाशेजारी, कारखान्याच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मर्जीने. आणि गंमत म्हणजे ते मला आवडायचंही. ते आवडणं निव्वळ अडाणीपणाचं होतं, हे मला मोबाइलवरच्या एका दाढीवाल्या गृहस्थांनी समजावून सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की आपण आजवर गाणं ऐकलेलंच नाही, आपण फक्त भिंतींवरून आपटून आलेला कचरा ऐकला आहे. मी हादरलो. इतकी वर्षं कचरा ऐकून मी माना डोलावत होतो!

त्या गृहस्थांनी एक परीक्षा सांगितली होती. खोलीच्या मधोमध उभं राहायचं, एक कडक टाळी वाजवायची आणि ती कशी विरते ते ऐकायचं. झालं. मी घरभर टाळ्या वाजवत फिरू लागलो. ओटीवर टाळी, माजघरात टाळी, देवघरात टाळी. देवघरातल्या टाळीला बायकोने नमस्कार केला, तिला वाटलं मला एकदाची भक्ती सुचली. मग बाहेरची घरं सुरू झाली. रेवदंड्याला आमच्या ओळखीतले एक म्हातारे वारले, तिथे भेटायला गेलो होतो. जुना दिवाणखाना, उंच छत, लाकडी तक्तपोशी. सगळे खाली माना घालून बसलेले. मला राहवलं नाही. इतकी सुंदर विरली ती टाळी, काय सांगू. परतताना रिक्षात बायकोने माझ्या दंडाला जो चिमटा काढला त्याचा वळ मात्र बराच वेळ विरला नाही.

आता खोली कुठली घ्यायची? आमचं घर अलिबागच्या दक्षिणेला, समुद्र आणि रस्ता यांच्यामधल्या नारळी-पोफळीच्या वाडीत. खोल्या मोजक्या. त्यातली मागची, वाडीकडे खिडकी असलेली, लेकीची. लेक लग्न होऊन पनवेलला गेली होती. खोलीत तिचं कपाट आणि अभ्यासाचं टेबल एवढंच उरलं होतं. मी टाळी वाजवली. खोली भांड्यासारखी वाजली, पण लांबी-रुंदीचं प्रमाण दाढीवाल्यांनी सांगितलेल्याच्या जवळ जाणारं होतं.

"ही घेतो," मी म्हटलं.

"लेकीची खोली आहे ती," बायको म्हणाली.

"ती आता कुठे राहते इथे?"

"पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझं झालं, माझ्या आईचं झालं. तिचंही ह्याच खोलीत होणार. काय ते तुमचे स्पीकरचे डबे ओटीवर लावा."

ही गोष्ट बायकोने हसत सांगितली नव्हती. तिला एकच लेक. लग्नात पाठवणीच्या वेळी न रडलेली ही बाई त्यानंतर पुढचे कित्येक दिवस कोपऱ्यावरच्या किराणावाल्याशी विनाकारण भांडत होती. लेक बाळंतपणाला येईल, निदान काही महिने पुन्हा आपल्या हाताखाली राहील, या एका आशेवर तिचं सगळं चाललं होतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "होईल तेव्हा बघू." नवरा झालेल्या माणसाला हे वाक्य आपोआप येतं, ते शिकावं लागत नाही.

काम सुरू झालं. खिडकीतून आवाज आत येतो आणि बाहेर जातो, म्हणून सगळ्यात आधी मी खिडकी चिऱ्यांनी बुजवली. पंखा घरघरतो म्हणून पंखा उतरवला. एका दरवाजाने भागत नाही म्हणून एकामागे एक असे दोन बसवले, तेही आमच्याच पडलेल्या फणसाच्या लाकडाचे, कडांना रबराची पट्टी लावून. सुतार चांगला माणूस, आपलं डोकं मधे न घालणारा. मी त्याला बजावलं, "फटीतून सुई जाता कामा नये." तो म्हणाला, "न्हाय जानार. पन काका, बरफ कुठून आननार?"

"कसला बर्फ?"

"मासली ठेवायला रूम करताव ना ही?"

मी त्याला म्हटलं, ही गाणं ऐकायची खोली आहे. त्याने बुजवलेल्या खिडकीकडे पाहिलं, पंख्याच्या रिकाम्या हुकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि पुन्हा रंधा मारू लागला.

आता भिंती. भिंतीवर आवाज शोषून घेणारं काहीतरी लावावं लागतं. मोबाइलवर दिसत होते ते परदेशी तक्ते, राखाडी, अंड्याच्या ट्रेसारखे. त्यांची किंमत ऐकल्यावर माझ्यातला स्वदेशाभिमान एकदम उसळून आला. आपल्या वाडीत नारळाची सोडणं ढिगाने पडली आहेत, सोडणाचा काथ्या होतो, आणि काथ्याइतकं आवाज खाणारं जगात काही नाही! ही माझी कल्पना आणि तिचा मला इतका अभिमान वाटला, की मी दाढीवाल्यांना इंग्रजीत निरोपही लिहिला. त्यांनी अंगठा पाठवला.

काथ्या काढण्याची रीत आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, मला तर लहानपणापासून. सोडणं खाडीच्या चिखलात पुरायची, वर दगड ठेवायचे आणि विसरून जायचं. खाऱ्या पाण्यात ती सावकाश कुजतात. वर्ष उलटलं की काढायची, कुटायची, गोड्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायची आणि उन्हात कडकडीत वाळवायची. या रीतीतला 'विसरून जायचं' हा भाग मला जमला नाही. दिवाळीनंतर पुरलेली सोडणं मी शिमग्याला वर काढली. कुटली. नळाच्या पाईपने वरवर भिजवली, गच्चीवर पसरली. वास येत होता, पण खाडीच्या वस्तूला खाडीचा वास येणारच. लाकडी चौकटींत तो काथ्या ठासून भरला, वरून सुती कापड ताणलं आणि चारही भिंती, छतासकट, मढवून काढल्या.

मधल्या काळात पनवेलहून बातमी आली होती. श्रावणात बाळ येणार.

बायकोने साखर वाटली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी घाईघाईने म्हटलं, "अगं, हे तर उत्तमच झालं! बाळंतिणीला काय लागतं? वारा नको, उजेड नको, गोंगाट नको. मी तेच तर बनवतोय. शेजारच्या हळदीचा डीजेसुद्धा आत येणार नाही."

बायकोला क्षणभर पटलं. हा माझा आयुष्यातला सगळ्यात मोठा वादविवादातला विजय, आणि तो मी अशा ठिकाणी वाया घालवला.

एप्रिल-मेमध्ये खोली खरोखर झकास वाजायची. मी पाहुण्यांना बोलावून ऐकवायला लागलो. त्याचा एक विधी होता. मोबाइल बाहेर ओटीवर ठेवायचे. खोलीत नेमक्या जागी एकच खुर्ची, तिच्यावर पाहुण्याने बसायचं, मान हलवायची नाही. दोन्ही दरवाजे लावायचे. मी मागे उभा. तबल्याच्या शाईवरचं बोटसुद्धा कळायचं. गाणं संपलं की मी पुढे येऊन विचारायचो, "काय वाटलं?" पाहुणे घामाने निथळत असायचे, डोळ्यांत पाणी असायचं. मला वाटायचं, सुरांची ताकद. बिनपंख्याच्या बंद खोलीत मे महिन्यात म्हैसही तशीच दिसते, हे मला कुणी सांगितलं नाही. एकजण उठताना फक्त म्हणाले, "सुटलो." मी ते आध्यात्मिक अर्थाने घेतलं.

तिकडे पनवेलला वेगळंच शिजत होतं. लेकीच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, फोनवर सूर लावला. "इकडे हॉस्पिटल खालीच आहे. लिफ्ट आहे. एसी आहे. तुमच्याकडचे रस्ते पावसात कसे असतात तुम्हाला माहितीच आहे." बायको "हो, हो" म्हणत होती आणि फोन ठेवल्यावर भाकरी अशा थापत होती, की पीठ खिडकीबाहेर उडत होतं. लेकीचं तळ्यात-मळ्यात. शेवटी तिनेच तोड काढली. जूनमध्ये सासूबाईंना घेऊन दोन दिवस येते, खोली बघू, मग ठरवू.

म्हणजे सगळं खोलीवर आलं. बायको मला म्हणाली, "ती राहिली नाही ना, तर मी काय करीन मला माहीत नाही." तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. म्हणूनच तिने सांगितलं नाही.

आणि मग हवा ओली झाली. आमच्याकडे जूनमध्ये मीठ पातळ होतं, पापड वाकतात, चपला हिरव्या होतात. माझ्या भिंतींनी दोन महिन्यांत जेवढा आवाज प्यायला नव्हता तेवढं पाणी आठवड्यात प्यायलं. अर्धवट कुजलेला काथ्या पुन्हा जागा झाला आणि राहिलेलं कुजणं त्याने आमच्या घरात पुरं करायला घेतलं. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी उभं राहिलं की जो वास येतो तो. फरक इतकाच, की खाडीला भरती येते.

"अहो, खोलीत काहीतरी मेलंय," बायको म्हणाली.

"वारा खाडीकडून आहे."

"खिडकी बुजवलीत ना? वारा कुठनं येतोय?"

मी उदबत्त्या लावल्या. धूप घातला. कापूर ठेवला. आता खोलीत खाडीकाठच्या स्मशानाचा वास येऊ लागला.

ठरल्या दिवशी जावयाने मुंबईला वळसा घालून गाडी रो-रो बोटीवर चढवली आणि पाहुणे समुद्रमार्गे आले, म्हणजे रस्त्याबद्दल बोलायची विहीणबाईंना सोयच राहिली नाही. बायको तेवढ्यावरच खूश. लेक गाडीतून उतरली, पोट सांभाळत सरळ मागच्या खोलीकडे गेली, दरवाजात उभी राहिली, एक श्वास घेतला आणि उलट्या पावली पळत जाऊन तुळशीपाशी ओकली.

बायको तिच्यामागे धावली. विहीणबाई तिथेच उभ्या. त्यांनी नाकाला पदर लावला.

"सुकट ठेवता वाटतं इथे?"

शहाण्या माणसाने इथे हो म्हटलं असतं. सुकट हलवता येते. पण मला खोलीचा अपमान सोसवेना. म्हटलं, "विहीणबाई, वासाकडे लक्ष देऊ नका. ही खोली कानाने बघायची असते. या, बसा." आणि त्यांना खुर्चीवर बसवून, त्यांचा मोबाइल ओटीवर ठेवून, मी एकामागोमाग एक दोन्ही दरवाजे लावले आणि आतला पक्का बसला का ते बघायला असा काही ओढला, की त्याचा दांडा माझ्या हातात आला.

मी तो खिशात टाकला. आधी गाणं, मग दुरुस्ती. आलाप सुरू झाला आणि लाईट गेली.

मिट्ट काळोख. मी चाचपडत दरवाजापाशी गेलो. फणसाचं लाकूड ओल्या हवेत फुगून चौकटीत असं बसलं होतं, जसं तिथेच उगवलं असावं. धरायला दांडा नाही. मी नखांनी ओढलं, बोटांनी ओढलं.

"काय झालं?" अंधारातून आवाज आला.

"काही नाही. दरवाजा जरा विचार करतोय."

"उघडा हो! मला कोंडल्यासारखं होतंय."

मी हाका मारल्या. त्यांनीही मारल्या, आणि विहीणबाईंचा आवाज साधा नाही. एवढं ओरडून बाहेर कुणाचं पाऊल वाजलं नाही. सुई न जाणारी फट, दोन दरवाजे, चिऱ्याची खिडकी, चारही भिंतींना काथ्या. माझ्या खोलीने त्या दिवशी जे काम केलं तसं जगातल्या कुठल्याच खोलीने केलं नसेल, आणि ते सांगायला समोर होत्या फक्त विहीणबाई.

"माझा फोन कुठाय?"

"बाहेर. तसा नियम आहे."

"कोणाचा नियम?"

मी पुन्हा दरवाजा चाचपू लागलो. घाम नाकावरून टपकत होता. थोड्या वेळाने ओरडून ओरडून आम्ही दोघेही थकलो. खुर्ची करकरली.

"व्याही," त्या म्हणाल्या, आवाज एकदम खाली आलेला, "खरं सांगू? एसी, लिफ्ट सगळं ठीक आहे. पण ती इकडे आली की घरात मी आणि तुमचे व्याही. ते जेवताना बातम्या बघतात, जेवल्यावर बातम्या बघतात. ती असते तर घरात कोणीतरी बोलतं तरी. मला मुलगी नाही हो."

अशा वेळी माणसाने सांत्वन करावं. मी म्हटलं, "इथे बोललेलं अगदी स्पष्ट ऐकू येतं, नाही?"

"तुम्ही ना," त्या म्हणाल्या, "गप्प बसा."

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. दिवसाउजेडी लाईट गेल्याचं तिथे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बायको लेकीला लिंबूसरबत देत म्हणत होती, "ऐकू दे त्यांना गाणी. तेवढाच तुझ्या बाबांचा जीव सुखावेल." लेक बराच वेळ खोलीच्या दिशेने बघत होती. मग म्हणाली, "आई, तूच फोनवर सांगतेस ना, गाणं संपल्यावर बाबा 'काय वाटलं' विचारतात आणि माणूस बाहेर पळतो. एवढा वेळ कोणी पळालं नाही म्हणजे काहीतरी झालंय."

बाहेरचा दरवाजा त्यांनी ओढून काढला, आतला हलेना. शेवटी जावयाने वाडीतून पहार आणली आणि बुजवलेल्या खिडकीचे चिरे फोडले. पहिला चिरा निघाला आणि उजेडाबरोबर आत शेवाळलेल्या विहिरीचा, ओल्या सुपारीचा वारा आला. विहीणबाईंनी त्या भोकाला तोंड लावलं. पुरेसं भगदाड झाल्यावर मी त्यांना खालून खुर्ची दिली, जावयाने वरून हात दिला. पनवेलच्या फ्लॅटमध्ये लिफ्टने वर-खाली करणारी ती बाई माझ्या खिडकीतून अळवाच्या वाफ्यात उतरली, गुडघ्यापर्यंत चिखलात.

मी बाहेर आलो तेव्हा कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. हे रागावण्यापेक्षा वाईट असतं.

बायको पदर खोचून खिडकीतून आत गेली आणि एक-एक चौकट भिंतीवरून उपटून बाहेर फेकू लागली. पाऊस पडत होता. काथ्याच्या चौकटी अळूवर, केळींवर पडत होत्या. माझे इतक्या महिन्यांचे कष्ट, आणि मी मुकाट्याने त्या उचलून कुंपणापाशी रचत होतो. विहीणबाई बायकोचं पातळ नेसून ओटीवर चहा घेत हे सगळं बघत होत्या.

"विहीणबाई," त्यांनी तिथूनच विचारलं, "एवढं सगळं उपटताय म्हणजे हिला ठेवायचीच आहे म्हणा."

बायको खिडकीत थांबली. हात काळे, कपाळावर काथ्याचे ओले तंतू. तिच्या तोंडून तिच्या गावचा शब्द निघाला, जो ती पाहुण्यांपुढे कधी काढत नाही.

"व्हय."

चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. लेक दोघींच्या मधे उभी होती, कोणाकडे बघावं न कळून.

"ठेवा," विहीणबाई म्हणाल्या. "पण मग मीही येणार राहायला. बाळंतपणाला दोन माणसं लागतात. आणि ह्यांच्या भरवशावर मी नातवंडाला सोडणार नाही." 'ह्यांच्या' म्हणताना त्यांचं बोट माझ्याकडे होतं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला लेक हवी होती, लेकीची सासू नको होती. पण चौकटी उपटून झाल्या होत्या आणि खिडकी उघडी होती. ती म्हणाली, "या."

तसं झालं. बाळ अलिबागच्या दवाखान्यात झालं, मुलगी, आणि बाळ-बाळंतीण मागच्या खोलीत आली. मला पंखा पुन्हा लावावा लागला. खिडकीला जुनीच चौकट बसवली. स्पीकर जड म्हणून तिथेच राहिले, त्यांच्यावर दुपटी वाळत पडतात. उघड्या भिंतींमुळे खोली पुन्हा भांड्यासारखी वाजते. आता मी टाळी वाजवत नाही, वाजवली तर दोन्ही बाजूंनी ओरडा बसतो.

स्वयंपाकघराची खिडकी या खोलीच्या खिडकीला लागूनच आहे. परवा सकाळी तिथे दोघी विहिणींची जुंपली होती. डिंकाच्या लाडवात मेथी किती घालावी यावरून. पनवेलची पद्धत, इकडची पद्धत, कोणाच्या आजीने काय घातलं होतं, सगळं निघालं. खोलीत तर सभा भरल्यासारखं घुमत होतं. नात नुकती झोपलेली. माझ्यातला आवाजतज्ज्ञ जागा झाला, मी उठून खिडकी लावायला गेलो.

"बाबा, राहू दे ना," लेक म्हणाली. पाळण्याची दोरी हातात होती, कान खिडकीकडे होते. "जी जिंकेल तिचे लाडू मला खावे लागणार आहेत. आधी कळलेलं बरं."

मी खिडकी उघडी ठेवून खुर्चीवर येऊन बसलो. स्वयंपाकघरातून विहीणबाई म्हणाल्या, "मूठभर." बायको म्हणाली, "चिमूटभर!" लेकीने मला खुणेनेच गप्प राहायला सांगितलं.